कामावरचा बर्नआउट: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

कामाच्या ताणावर लिहायला लागल्यापासून वाचकांची जी पत्रं येतात, त्यांत काही प्रश्न हटकून असतातच. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे, ओळख पटेल असे तपशील मात्र काढून टाकले आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे क्रमांक दिला आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे जायची गरज जिथे आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. बर्नआउट म्हणजे नक्की काय? दमलोय असं तर सगळेच म्हणतात.

दमणं झोपेने जातं. दोन दिवस सुट्टी मिळाली, नीट झोप झाली, की माणूस पुन्हा ताजा होतो. बर्नआउटमध्ये झोप काढूनही सकाळी उठताना कालचाच थकवा अंगावर असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. एक, अंगातली शक्ती पार संपल्यासारखं वाटणं. दोन, मनाने कामापासून लांब जाणं, कामाविषयी कडवटपणा येणं. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली पहिली सगळ्यांना माहीत असते, पण खरी ओळख पटते ती दुसरीवरून. मराठीत तिला फार आधीपासून शब्द आहे: पाट्या टाकणं. फक्त पाट्या टाकणाऱ्याला आपण कामचुकार समजतो. बर्नआउटमुळे पाट्या टाकायला लागलेला माणूस बरेचदा त्या खात्यात सगळ्यात मन लावून काम करणारा होता.

त्याच व्याख्येत असंही म्हटलं आहे की, हे कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणामुळे होतं. कोणी हाताळायला हवा होता, ते मात्र व्याख्या सांगत नाही. खालचे अर्धेअधिक प्रश्न त्या एका गाळलेल्या कर्त्यावरूनच आलेले आहेत.

२. आमच्या वडिलांनी ३५ वर्षं एकाच ठिकाणी नोकरी केली. त्यांना नाही झाला बर्नआउट. ही नवी फॅशन नाही का?

शब्द नवा आहे. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर पहिला गाजलेला लेख लिहिला. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून संध्याकाळी ते व्यसनी रुग्णांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करत. तिथे उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कडवट आणि रिकामे होत गेलेले त्यांनी पाहिले, आणि स्वतःमध्येही तेच पाहिलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सहकारी सुसान जॅक्सन यांच्यासोबत १९८१ साली २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. आजचं बरंचसं संशोधन तिच्यावर उभं आहे.

अनुभव मात्र जुना आहे. 'कामावरून मन उडालं', 'जीव मेटाकुटीला आला', 'घाण्याला जुंपलंय' हे शब्दप्रयोग काही मानसशास्त्रज्ञांनी घडवलेले नाहीत. वडिलांना झालाच नव्हता, की तो घरातल्या रागात आणि निवृत्तीचे दिवस मोजण्यात दिसत होता, हे तुम्हीच आठवून पाहा. एक फरक मात्र खरा आहे: ऑफिसचं दार बंद झालं की त्यांचं काम मागे राहायचं. तुमचं खिशात असतं.

३. हा आजार आहे का? डॉक्टर तसं सर्टिफिकेट देतील?

जागतिक आजार वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, 'कामाशी निगडित स्थिती' म्हणून. २०१९ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा 'बर्नआउट आता अधिकृत आजार' असे मथळे झळकले आणि जागतिक आरोग्य संघटनेला खुलासा करावा लागला. दहाव्या आवृत्तीतही तो होता, कोपऱ्यात एका ओळीपुरता.

सगळ्या देशांत सारखं नाही. स्वीडनमध्ये तीव्र थकव्याचं एक स्वतंत्र निदान २००५ पासून मान्य आहे आणि त्यासाठी किमान सहा महिने चाललेला ताण ही अट आहे. बहुतेक ठिकाणी मात्र डॉक्टर सर्टिफिकेटवर समायोजन विकार (ताण किंवा बदल न झेपल्याने होणारा त्रास), चिंताविकार, नैराश्य किंवा निद्रानाश असं काहीतरी लिहितात. त्यात फसवाफसवी नाही, कारण त्या थराला पोचलेल्या माणसाला बहुधा यातलं काहीतरी झालेलंच असतं.

४. मला नैराश्य आहे की बर्नआउट, कसं ओळखू?

सुरुवातीला एक साधी खूण उपयोगी पडते. बर्नआउट कामाभोवती फिरतो. रविवारी दुपारपर्यंत माणूस ठीक असतो, संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. आवडीचा माणूस भेटला तर तो हसतो, छंदात रमतो. नैराश्य घर आणि ऑफिस असा भेद करत नाही. ज्यात आनंद वाटायचा त्या सगळ्यातलाच आनंद जातो, आणि स्वतःविषयी 'मी कुचकामी आहे' ही भावना कामाच्या पलीकडे पसरते.

पण ही सीमारेषा पक्की नाही. संशोधकांमध्येही यावर वाद आहे. काहींच्या मते तीव्र बर्नआउट आणि नैराश्य यांना वेगळं काढताच येत नाही. शिवाय पहिल्यातून माणूस दुसऱ्यात सरकू शकतो. त्यामुळे घरबसल्या निदान करू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हे पान इथेच सोडा आणि आत्ताच जवळच्या माणसाला, हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाला फोन करा. ते नाव बर्नआउटचं असो की कशाचंही, थांबायची गोष्ट नाही.

५. मी आठ तासांच्या वर काम करत नाही. तरी माझी ही अवस्था का?

हा मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. तो विचारणाऱ्याला बहुतेकदा आधी कोणीतरी 'तुला काय एवढं काम असतं?' असं विचारलेलं असतं.

मास्लाक (प्रश्न २) आणि संशोधक मायकेल लायटर यांनी १९९७ साली बर्नआउटच्या मुळाशी असणाऱ्या सहा गोष्टी मांडल्या. कामाचा बोजा ही त्यातली फक्त एक. उरलेल्या पाच अशा: कामावरचं आपलं नियंत्रण, मिळणारी कदर, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं.

नियंत्रणाचं घ्या. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की जास्त काम एकटं तितकं घातक नसतं. जास्त काम आणि हातात काहीच अधिकार नाही, ही जोडी घातक असते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला प्रचंड ताण असतो, पण पुढचा निर्णय त्याचा असतो. कॉल सेंटरमधल्या माणसाला वाक्यही ठरवून दिलेलं असतं, बाथरूमला जायची मिनिटंही मोजलेली असतात. तास दोघांचे सारखे धरले, तरी जास्त कोण जळेल हे सांगायला संशोधन नको.

कदर म्हणजे फक्त पगार नव्हे. जर्मनीतले संशोधक योहानेस सीग्रिस्ट यांनी मांडलेल्या प्रारूपात एका पारड्यात माणूस घालतो ते श्रम, तर दुसऱ्यात पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती असे तीन मोबदले. पारडं कायम एकीकडे झुकलेलं राहिलं की शरीर त्याचा हिशेब ठेवतं.

आणि न्याय. पत्रं वाचून माझं मत असं झालंय की बोजा माणसाला थकवतो, पण कडवट करतो तो अन्याय. रात्री जागून केलेलं प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या नावावर जाणं, बढतीचे निकष दरवर्षी बदलणं, चूक सगळ्यांची आणि मेमो एकाला. बोजा उतरल्यावर थकवा जातो. कडवटपणा मात्र तितक्या सहज जात नाही.

याशिवाय काही किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी आहेत: आपलं काम नेमकं कोणतं तेच स्पष्ट नसणं, दोन वरिष्ठांच्या उलटसुलट सूचना, सारखे व्यत्यय. त्या रोज असल्या तर किरकोळ राहत नाहीत. मूल्यांविषयी प्रश्न ८ मध्ये लिहिलं आहे.

६. मग तासांचा संबंधच नाही का?

आहे, आणि चांगलाच आहे. जास्त तास म्हणजे सावरायला कमी वेळ. पण तासांचा सगळ्यात ठोस पुरावा बर्नआउटपेक्षा हृदय आणि मेंदूविषयी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा हिशेब होता. जपानमध्ये कामाने झालेल्या मृत्यूला 'कारोशी' असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि तो रोखण्यासाठी तिथे २०१४ साली कायदा झाला.

तर दोन्ही लक्षात ठेवा. ४० तासांत बर्नआउट होऊ शकतो, आणि ६० तास मजेत काम करणाऱ्याचं हृदय त्याच्या उत्साहावर चालत नाही.

७. शेजारच्या टेबलावरचा त्याच कामात मजेत आहे. म्हणजे दोष माझ्यातच ना?

स्वभावाचा वाटा असतो, नाकारून उपयोग नाही. जे सहज चिंतातुर होतात, ज्यांना प्रत्येक गोष्ट बिनचूकच लागते, ज्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही, त्यांना धोका जास्त असतो. घरी आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर ऑफिसचं तेच काम जड जातं.

पण 'त्याच कामात' हे एकदा तपासून बघा. त्याला नकार देता येतो का? कठीण ग्राहक कोणाकडे पाठवले जातात? नव्या माणसाला शिकवणं, वाढदिवसाची वर्गणी गोळा करणं, मीटिंगचे मुद्दे लिहिणं ही कुठेच न मोजली जाणारी कामं कोणाच्या वाट्याला येतात? बरेचदा टेबलं शेजारी असतात, नोकऱ्या वेगळ्या असतात. आणि तो खरंच मजेत आहे की नाही, हे त्यालाच ठाऊक. तुम्हीही कालपर्यंत बाहेरून मजेतच दिसत होतात.

८. माझं काम मला मनापासून आवडतं. मला कसा होईल?

तुम्हाला आधी होईल, असं म्हणायचा मोह होतो. ज्याला कामाशी काही देणंघेणं नाही तो पाचला उठून जातो. आवडणारा थांबतो. फ्रॉइडेनबर्गर यांनी पाहिलेले स्वयंसेवकही (प्रश्न २) समर्पित होते. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक यांच्यात हे जास्त दिसतं त्यामागे हेही एक कारण आहे. 'हे काम म्हणजे सेवा आहे' असं म्हटलं की जादा तास मागणं सोपं होतं आणि नाकारणं पाप वाटायला लागतं.

मूल्यांचा प्रश्न इथे येतो. रुग्णाला वीस मिनिटं लागतात हे माहीत असताना सहा मिनिटांत उरकावं लागणं, विकायला लाज वाटेल अशी योजना विकावी लागणं. यातला थकवा काम जास्त असल्याचा नसतो. जे करतोय ते चूक आहे हे कळत असूनही करावं लागतं, त्याचा असतो. काही डॉक्टरांनी म्हणूनच 'आम्हाला बर्नआउट म्हणू नका, ही नैतिक इजा आहे' अशी भूमिका घेतली आहे. मला ती पटते. बर्नआउट म्हटलं की नजर माणसाकडे जाते. इजा म्हटलं की ती कोणी केली हा प्रश्न आपोआप येतो.

९. दिवसभर हसतमुखाने बोलण्याची नोकरी आहे. घरी आल्यावर एक शब्द बोलावासा वाटत नाही. हे त्यातलंच का?

त्यातलंच. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून याला 'भावनिक श्रम' म्हटलं. वाटतंय एक आणि चेहऱ्यावर दुसरंच ठेवायचं, हे खरोखरचं काम आहे, फक्त पगारपत्रकावर ते दिसत नाही. नुसता मुखवटा चढवणं सगळ्यात महाग पडतं. समोरच्याचा त्रास समजून घेऊन बोलणं तुलनेने सोसतं, पण त्यासाठी दोन ग्राहकांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ हवा. शिवीगाळ करणाऱ्याचा फोन ठेवण्याची मुभाही हवी. हे दोन्ही देणं तुमच्या हातात नाही, वरिष्ठांच्या हातात आहे.

१०. घरून काम करतो. प्रवास वाचला, तरी आधीपेक्षा जास्त थकतो. असं का?

प्रवासाचा वैताग होता, पण काम संपल्याची घंटाही तोच होता. आता ती घंटा नाही. ठरावीक वेळेला लॅपटॉप बंद करून नजरेआड ठेवणं आणि कामाच्या सूचना फोनवरून काढून टाकणं याने थोडा फरक पडतो. मात्र रात्री दहाला आलेल्या मेसेजला लगेच उत्तर देणाऱ्याचंच कौतुक होत असेल, तर तुमची एकट्याची शिस्त फार टिकणार नाही. फ्रान्सने २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काविषयी कामगारांशी बोलणी करणं भाग पाडलं, ते याचसाठी.

११. माझ्याकडे कामच नसतं. दिवसभर बसून कंटाळा येतो आणि तरी थकतो. हसू नका.

हसत नाही. याला 'बोरआउट' म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या दोन सल्लागारांनी २००७ मध्ये हा शब्द रूढ केला. कामात असल्याचं नाटक करणंही दमवतं. कारणं वेगळी, पण निरर्थकतेची भावना तीच. उपायही उलटा: विश्रांती नको, अर्थ असलेलं काम हवं.

१२. शरीरावर काय परिणाम होतात?

ताणाची यंत्रणा थोडा वेळ चालण्यासाठी बनलेली आहे. धोका दिसला की हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, साखर रक्तात येते. धोका टळला की सगळं खाली येतं. धोका म्हणजे रोजची नोकरी असेल तर खाली यायची वेळच येत नाही.

वर्षानुवर्षं लोकांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासांत बर्नआउटनंतर हृदयविकार, टाइप २ मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, पाठ-मानेचं दुखणं, डोकेदुखी, निद्रानाश आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली आहेत. झोपेचं दुष्टचक्र विशेष वाईट: थकवा आहे म्हणून झोप हवी, डोकं चालू आहे म्हणून झोप येत नाही.

लोक सगळ्यात घाबरतात ते विसराळूपणाला. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही, साधा ईमेल लिहायला तास लागतो. हे बर्नआउटमध्ये नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं सुधारतं, पण सगळ्यात सावकाश.

एक मात्र करा. हाच थकवा थायरॉइड कमी असणं, रक्तक्षय, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह किंवा झोपेत श्वास अडखळणं यातूनही येतो. 'ऑफिसमुळेच असेल' म्हणून तपासण्या टाळू नका.

१३. एका ठिकाणी कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) तपासून 'ॲड्रिनल फटीग' सांगितलं आणि महागड्या गोळ्या दिल्या. घेऊ का?

ॲड्रिनल फटीग, म्हणजे सततच्या ताणाने कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी थकतात ही कल्पना, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं निदान नाही. बर्नआउट दाखवणारी रक्ताची किंवा लाळेची चाचणीही नाही. कॉर्टिसॉलवरच्या अभ्यासांतले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ॲड्रिनल ग्रंथींचा खराखुरा आजार असतो, पण तो दुर्मीळ आहे आणि त्याचं निदान अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ करतात. बर्नआउटवर म्हणून कोणतंही औषध नाही. नैराश्य, चिंता, झोप यांवर आहेत, आणि डॉक्टरांनी दिली तर ती घेण्यात कमीपणा नाही.

१४. ऑनलाइन चाचणीत ८७ टक्के बर्नआउट आला. घाबरू का?

८७ टक्के कशाचे? मास्लाक यांची मूळ प्रश्नावलीसुद्धा (प्रश्न २) संशोधनासाठी बनवलेली आहे. 'इतक्या गुणांच्या वर रोगी' अशी रेषा तिच्यात नाही आणि तिचे तीन भाग बेरीज न करता वेगवेगळेच वाचायचे असतात. चाचणीने तुम्हाला विचार करायला लावलं असेल तर तेवढ्यापुरतं काम झालं.

१५. दहा दिवस सुट्टी घेऊन आलो. चौथ्या दिवशी होतो तिथेच. सुट्टी घ्यायचीच नाही का?

सुट्टी घ्या, पण तिच्याकडून ती करू शकत नाही ते मागू नका. मीना वेस्टमन आणि डोव्ह एडन या संशोधकांनी १९९७ साली सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर त्याच कर्मचाऱ्यांचा बर्नआउट मोजला. सुट्टीत तो उतरला, आणि परतल्यावर तीन आठवड्यांत पूर्ववत झाला. गळक्या छपराखालचं पाणी उपसून टाकलं, छप्पर तसंच राहिलं.

मोठ्या सुट्टीपेक्षा रोजची छोटी सुटका जास्त टिकते, आणि तिथे नुसतं शरीराने घरी असणं पुरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबीने झोनेनटाग यांच्या संशोधनाचा भर यावरच आहे: संध्याकाळी मनाने कामातून बाहेर पडणं. गंमत म्हणजे नुसतं पडून राहण्यापेक्षा काहीतरी शिकणं, खेळणं, हाताने करणं याने मन लवकर बाहेर येतं. आणि ज्यांना सुटकेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती सगळ्यात अवघड जाते.

१६. कंपनी दर महिन्याला ताणमुक्तीचा वेबिनार ठेवते. कामाच्या वेळेनंतर. उपयोग होतो का?

'कामाच्या वेळेनंतर' या शब्दांत तुमचं उत्तर आहे.

ध्यान, श्वसन, समुपदेशन याने काही माणसांना खरंच बरं वाटतं. मी त्याची टिंगल करणार नाही. पण ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, असे वैयक्तिक कार्यक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात जवळपास फरक दिसला नाही. डॉक्टरांवरच्या २०१७ सालच्या एका आढाव्यातही व्यक्तीला बदलणाऱ्या उपायांपेक्षा पाळ्या, बोजा, कामाची रचना बदलणारे उपाय जास्त परिणामकारक ठरले. वेबिनार स्वस्त असतो, एक माणूस जादा घेणं महाग असतं. बाकीचं तुम्हीच समजून घ्या.

१७. बॉसला सांगू का? कमकुवत समजतील अशी भीती वाटते.

भीती निराधार नाही. म्हणून 'मला बर्नआउट झालाय' या वाक्याने सुरुवात न करणं बरं. ते वाक्य तुमच्याविषयी आहे, आणि बोलणं कामाविषयी व्हायला हवं. आधी दोन आठवडे कामांची नोंद ठेवा: काय आलं, कोणाकडून, किती वेळ गेला. मग कागद समोर ठेवून विचारा, 'यातली तीन कामं या महिन्यात नीट होतील. कोणती तीन?' निवड त्यांना करू द्या. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी ठरलेलं दोन ओळींत लेखी कळवा.

ऐकूनच न घेणारे वरिष्ठ असतात. मानहानी, छळ, भेदभाव चालू असेल तर हा मार्ग चालणार नाही. तिथे नोंदी, साक्षीदार, कामगार संघटना, कायदेशीर सल्ला ही वाट धरावी लागते. वैद्यकीय रजा हवी असेल तर निदानाचे सगळे तपशील वरिष्ठांना सांगितलेच पाहिजेत असं नाही. तुमच्या ठिकाणचे नियम आधी बघा.

१८. मी मॅनेजर आहे. टीममधली सगळ्यात चांगली मुलगी गप्प झालीय, चुका करतेय. आळस की बर्नआउट?

जी आधी चांगली होती ती अचानक आळशी होत नाही. 'काय झालंय तुला?' ऐवजी 'तुझ्या कामातलं काय काढून घेऊ?' असं विचारा, आणि विचारलंत तर खरंच काढून घ्या. चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम द्यायची आपल्याकडे सवय असते, ती तुम्हालाही आहे का पाहा.

घाई करा, कारण हे तिच्यापुरतं राहत नाही. बर्नआउट झालेला माणूस लगेच रजेवर जात नाही. तो खुर्चीत असतो आणि काम होत नसतं. त्याच्या वाट्याचं इतरांवर येतं, कडवटपणा सहकाऱ्यांमध्ये पसरतो, मग एक जण सोडून जातो आणि त्याचंही काम उरलेल्यांत वाटलं जातं. रुग्णालयासारख्या ठिकाणी चुकांची किंमत तिसराच कोणीतरी मोजतो. आणि हो, तुमच्या स्वतःच्या झोपेचं काय चाललंय? मधल्या फळीतल्या मॅनेजरांची पत्रं माझ्याकडे कमी नाहीत.

१९. मी नोकरी करत नाही. घर, दोन मुलं आणि आजारी सासूबाई सांभाळते. मला बर्नआउट म्हणायचा हक्क आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेची नोंद फक्त व्यवसायापुरती आहे. आयुष्याच्या इतर भागांतल्या अनुभवांना हा शब्द लावू नये असं ती स्पष्ट म्हणते. शास्त्र तिथे थांबलेलं नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी पालकांच्या बर्नआउटवर मोठं काम केलं आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रश्नावलीही आहे. तुमच्या कामाला पगार नाही, सुट्टी नाही, राजीनामा नाही. प्रश्न ५ मधल्या सहा गोष्टी घरावर लावून बघा, कारणं तीच सापडतील. शब्दाच्या परवानगीसाठी थांबू नका. आठवड्यातले कोणते तास दुसरं कोणीतरी उचलणार, हे घरात बसून ठरवून घ्या.

२०. स्वतःचा धंदा आहे. माझा बॉस मीच. मग नियंत्रण तर पूर्ण आहे ना?

कागदावर. ग्राहक, हप्ते आणि उधारी यांचं नियंत्रण कोणाकडे असतं? शिवाय धंदा आणि 'मी' यांच्यात भिंत नसते, म्हणून रजा घेणं म्हणजे स्वतःशीच गद्दारी वाटते. तुमच्याशिवाय दोन दिवस चालू शकेल असं एक काम शोधा आणि तिथून सुरुवात करा.

२१. नोकरी सोडून देऊ का?

पार गळून गेलेल्या अवस्थेत मोठे निर्णय शक्यतो घेऊ नयेत. जमत असेल तर आधी रजा, मग निर्णय. स्वतःला विचारा: यातली कोणती गोष्ट बदलली तर मी थांबेन? उत्तर मिळालं तर ती मागून बघा (प्रश्न १७). उत्तर 'काहीच नाही' असेल, किंवा मागूनही वर्षभर काही हललं नसेल, तर सोडणं म्हणजे हार नव्हे.

दोन सावधगिऱ्या. बहुतेकांना घर चालवायचं असतं, तेव्हा 'मन सांगेल ते कर' हा सल्ला देणाऱ्याचे हप्ते कोण भरतं ते आधी पाहा. आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं नव्या जागीही पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणत सुटलात, तर आगीतून फुफाट्यात.

२२. बरं व्हायला किती दिवस लागतात?

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं म्हणतात. बर्नआउट येतोही मुंगीच्याच पावलांनी, म्हणून तर कळत नाही. लवकर ध्यानात आलं आणि कामात बदल झाला तर काही आठवड्यांत फरक दिसतो. पार कोसळल्यावर महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. मध्ये चांगले दिवस येतात, त्या दिवशी माणूस साठलेलं सगळं उरकायला जातो आणि पुढचे चार दिवस आडवा होतो. चांगल्या दिवशी अर्धंच करा.

२३. तीन महिन्यांच्या रजेनंतर त्याच जागी परत जातोय. काय काळजी घेऊ?

पहिल्या दिवशी पूर्ण वेळ जाऊ नका. अर्धा दिवस किंवा आठवड्याचे तीन दिवस असं सुरू करून काही आठवड्यांत वाढवत न्यायचं, हे शक्यतो रुजू होण्याआधीच लेखी ठरवा. तीन महिन्यांचे ईमेल वाचून काढायचे नाहीत. महत्त्वाचं जे असेल ते लोक पुन्हा पाठवतील. वरिष्ठांशी दर आठवड्याला पंधरा मिनिटांची भेट ठेवा, आणि त्या भेटीत एकच विषय: गेल्या वेळी ज्याने आजारी पाडलं त्यातलं काय बदललं. सहकारी 'काय झालं होतं?' विचारतील. 'तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे' एवढं उत्तर पुरतं.

घरातल्या एखाद्या माणसाला आधीच सांगून ठेवा, की मी पुन्हा रात्री जेवताना फोन बघायला लागलो तर मला टोक. तुमच्या आधी ते त्याला दिसेल.